आमचा खडू, त्यांचा कोळसा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गावी पोचलो तेव्हा तात्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते. गंगाखेडच्या अलीकडं आमचं गाव. बैलजोड्या आता बोटांवर मोजाव्यात एवढ्याच उरल्यात. दारात नातवाचा ट्रॅक्टर उभा असताना ऐंशी पार केलेल्या तात्यांनी एक जोडी हट्टानं ठेवली आहे. जू बसून बसून जिथली कातडी जाड होते, केस झडतात, बरोबर तिथं त्यांचा अंगठा फिरत होता आणि तोंडानं ते नेहमीचं चालू होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ढाळजेत नातू मोबाईल घेऊन सुतकी चेहऱ्यानं बसलेला. पोरगं क्रिकेटची 'टीम लावतं', म्हणजे पैसे लावून खेळायच्या ॲपवर. असले सगळे खेळ बंद करणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी गोंधळात मंजूर झालं. २१ला, म्हणजे आमच्या खांदमळणीच्या दिवशी, राज्यसभेतूनही पार पडलं आणि अधिवेशनही संपलं. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा संसदेचं कामकाज बघत होतं आणि त्याला त्यात कामकाज काही सापडत नव्हतं. फलक, घोषणा, आणि त्या आवाजावर आवाज चढवून कागद वाचणारं कुणीतरी.

"काका, चर्चाच नाही झाली की यावर," तो मला म्हणाला. बंदी मला मनातून पटलेली होती. त्याच्या बापाचे किती गेलेत तेही मला माहीत होतं. तरी पोराची तक्रार खोटी नव्हती.

तेवढ्यात मोबाईलमधला बाप्या म्हणाला, विरोधी सदस्य वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरले.

"कुठं उतरले म्हणला?" तात्यांनी तिकडून विचारलं.

"वेलमध्ये. वेल म्हंजे विहीर, तात्या."

तात्यांनी बैलाचा खांदा सोडला नाही. "मग गाळ काढायलेत का?"

आम्ही दोघं हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं. आमच्याकडं माणूस विहिरीत उतरतो तो गाळ काढायला, नाहीतर मोटर बसवायला. तिसरं कारणही असतं, पण सणाच्या तोंडावर ते कुणी बोलत नाही.

*

आमची आणि तात्यांची विहीर सामाईक. सातबाऱ्यावर इतर हक्कात आजोबांच्या वाटणीपासूनची नोंद आहे, 'सामाईक विहीर, आठ आणे हिस्सा'. चार दिवस पाणी आमचं, चार दिवस त्यांचं. दादा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या हे सख्खे चुलतभाऊ. एका वैशाखात नांगरताना बांध दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, कोरला गेला. कुणी कोरला यावर दोन मतं आहेत आणि मी दादांचा मुलगा असल्यानं माझं मत विचारू नये. बांधावरच्या लिंबाच्या फांद्यांवरून शिवीगाळ, मग मोजणी, मग मोजणीवर हरकत, मग तालुक्याच्या कोर्टात दावा. अकरा वर्षं दादा आणि तात्या एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. लग्नकार्यात एक पंगत सोडून बसायचे. एकाच एसटीत चढले तर एक पुढच्या दारापाशी, एक मागं.

पण विहीर एक, मोटर एक आणि स्टार्टरची पेटी एक. लाईटचा काय भरवसा? ऐन पाळीत जायची. मग गेलेले तास कुणाचे? बोलायचं तर नव्हतंच. तेव्हा स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण, त्याची आतली बाजू, हा दोघांचा कागद झाला. दादा खडूनं लिहायचे (खडू मी शाळेतून आणायचो, सांगायला आता हरकत नाही) आणि तात्या चुलीतल्या कोळशानं. 'लाईट गेली २ ते ४.' खाली काळ्या अक्षरात, '२ तास शुक्रवारी घेणे.' एकदा दादांनी लिहिलं, तीन तास बाकी. तात्यांनी खाली लिहिलं, दोन. दादांनी त्याखाली पुन्हा तीन लिहिलं. तो आकडा काही दिवस तसाच लोंबकळला आणि शेवटी अडीच तासांवर मिटला. कसा मिटला ते मला आजही माहीत नाही, कारण झाकणावर नुसतं 'अडीच' होतं, तेही कोळशात.

दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायचं नाही, एवढं मात्र दोघांनी पाळलं. कुणी ठरवलं नव्हतं. झाकण भरलं की ज्याची पाळी संपली तो आपलं आपण पुसायचा, दुसऱ्याचं ठेवायचा.

त्या अकरा वर्षांत एकदा विहीर आटली. गाळ काढायला यारी आणावी लागली. दादांनी निम्मे पैसे यारीवाल्याच्या हातात दिले, तात्यांनी निम्मे. यारीवाला दोघांना एकमेकांचे निरोप सांगून सांगून वैतागला. विहिरीच्या तळाशी आमचा सालगडी आणि तात्यांचा थोरला एकाच पाटीला हात लावत होते आणि वर काठावर दोन म्हातारे दोन दिशांना तोंडं करून उभे.

समेट वगैरे झाला नाही. बांध आपलाच होता हे दादा शेवटपर्यंत म्हणत होते. पण त्या अकरा वर्षांत ना आमचा गहू वाळला, ना त्यांचा.

*

हे सगळं मला त्या संध्याकाळी आठवलं, कारण मोबाईलवर अध्यक्षांचा समारोप लागला होता. या अधिवेशनात लोकसभेत १२० तास चर्चा करायचं ठरलं होतं, झाली ३७ तास. यादीत ४१९ तारांकित प्रश्न होते, तोंडी उत्तर मिळालं ५५ना. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. लेखी उत्तराच्या कागदाला उपप्रश्न विचारता येत नाही. सगळी गंमत, सगळा घाम त्या उपप्रश्नात असतो.

भांडण बिहारच्या मतदारयाद्यांवरचं होतं. विरोधक म्हणत होते, याद्यांच्या पडताळणीवर आधी चर्चा घ्या. सरकार म्हणत होतं, तो निवडणूक आयोगाचा विषय, शिवाय कोर्टात आहे. मतदारयादी ही काही किरकोळ बाब नव्हे, मागणी रास्त होती. चर्चा घेतली असती तर सरकारचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि ती मिळत नाही म्हणून महिनाभर बाकी सगळं बंद ठेवून विरोधकांच्या हाती काय लागलं, तेही.

त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केल्याची अधिसूचना काढली. आमच्या शिवारात कापूस पात्या-फुलांवर होता. मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झालेला, सोयाबीनला ५,३२८, आणि हमीभाव जाहीर होणं व मोंढ्यात मिळणं यातलं अंतर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरचा कापूस बिनशुल्क आला की जिनिंगवर काय भाव फुटणार, हे विचारायला मराठवाड्याचे आठ खासदार दिल्लीतच होते. संसद चालू होती, म्हणजे बंद होती. अधिसूचनेसाठी सभागृहात चर्चा लागत नाही हे खरं, पण सभागृह चालत असेल तर निदान कुणी उठून विचारू तरी शकतो.

यात कुणी धुतल्या तांदळाचं नाही. २०१०चं हिवाळी अधिवेशन टू-जी घोटाळ्याच्या संयुक्त समितीच्या मागणीवरून जवळजवळ सगळं वाया गेलं, तेव्हा आजचे सत्ताधारी विरोधात होते. संसद चालू न देणं हाही लोकशाहीचाच एक प्रकार आहे, असा युक्तिवाद तेव्हा त्यांच्या बड्या नेत्यांनी केला होता. सभागृह चालवणं ही सरकारची जबाबदारी, हेही त्यांचंच म्हणणं. ते बरोबर होतं. अडचण एवढीच की हे वाक्य विरोधी बाकांवर ठेवलेलं असतं. सत्तेत जाताना ते कुणी सोबत नेत नाही.

*

दादांना संसदेचं वेड होतं. रात्री रेडिओवर संसद समीक्षा ऐकल्याशिवाय ते झोपत नसत. मला वाटतं त्याचं मूळ आजोबांत होतं. आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. 'गश्ती नंबर ५३' नावाचा हुकूम होता, सभा भरवायची तर आधी परवानगी काढा. चार माणसं जमून बोलायला सरकारचा कागद लागायचा, हे आजोबा सांगायचे तेव्हा आम्हाला ते गोष्टीतलं वाटायचं. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य गेलं. त्याच लढ्यात तुरुंग भोगलेले स्वामी रामानंद तीर्थ १९५७ला औरंगाबादमधून लोकसभेवर गेले. आमच्या घरात संसद म्हणजे विनापरवाना बोलायची जागा होती.

१९९१ला चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष झाले. दादांनी काँग्रेसला कधी मत दिलं नाही, तरी गावभर सांगत फिरले, "आपल्याकडचा माणूस बसलाय तिथं." त्या लोकसभेत उपाध्यक्ष भाजपचे एस. मल्लिकार्जुनय्या होते. अध्यक्ष सत्ताधाऱ्यांचा, उपाध्यक्ष विरोधकांचा, असा तेव्हाचा रिवाज. पुढं १७व्या लोकसभेनं, २०१९ ते २०२४, पाच वर्षं उपाध्यक्षच निवडला नाही. असं पहिल्यांदाच घडलं. घटनेच्या कलम ९३मध्ये 'शक्य तितक्या लवकर' निवडावा असं लिहिलंय. आमच्या तलाठ्यालाही हा शब्दप्रयोग फार आवडतो.

चाकूरकरांच्या काळातल्या दोन गोष्टी मला आता शेजारी शेजारी दिसतात. १९९३ला खात्यांशी जोडलेल्या १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. (१९९३ म्हटलं की आमच्याकडं आधी किल्लारीच आठवते, समित्या कुणाच्या लक्षात राहणार.) आणि त्याच सुमारास प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसायला लागला. समितीत कॅमेरा नसतो. दार बंद, सगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाभोवती, समोर खात्याचा सचिव. तिथं पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, चालत नाही. विधेयकातलं एकेक कलम उलगडून विचारता येतं, आपल्याच सरकारला अडचणीचं विचारता येतं, आणि विरोधकाचं म्हणणं पटलं तर मान हलवायला बघणारं कुणी नसतं. १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं अशा समित्यांकडं गेली. १७व्या लोकसभेत १६ टक्के.

कॅमेऱ्याचं मात्र असं काही घटलं नाही.

*

२ एप्रिल २०२५ची रात्र. त्या आठवड्यात लाईट रातपाळीची होती आणि उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायचं होतं. मी सुट्टीवर होतो, दारं धरायला गेलो. शहरात राहून आलेला माणूस दारं धरायला गेला की मोबाईल सोबत नेतो. लोकसभेत वक्फ विधेयक चालू होतं. बारा तासांहून जास्त चर्चा झाली, मध्यरात्र उलटली तरी लोक बसलेले. मी एका कानात तार घालून ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. भाषणं होत होती, टोकाची होती, पण पाळीनं होत होती. आपल्यासारखेच हेही रातपाळीला आहेत, असंही एकदा मनात आलं.

रात्री दोनच्या सुमाराला आकडा आला, २८८ विरुद्ध २३२. आणि माझ्या ध्यानात आलं की हा आकडा साधारण किती असेल ते सकाळीच सगळ्यांना माहीत होतं. बड्या पक्षांनी व्हिप काढलेला. १९८५ला ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली, तेव्हापासून व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकीच जाऊ शकते. कायदा आला तो आयाराम-गयारामांना वेसण घालायला. २०२२नंतर महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला त्या वेसणीबद्दल मी काय सांगावं. पळणारे पळतातच, कळपानं पळतात. वेसण उरली ती जागेवर उभं राहून 'मला हे पटत नाही' म्हणणाऱ्या एकट्याला. मग बारा तास बोलायचं कुणाला पटवण्यासाठी? समोरच्याचं मत बांधलेलं, आपलंही बांधलेलं. ऐकणारा सभागृहाबाहेर असतो, अर्ध्या मिनिटाच्या रीलवर. सकाळी पोरांच्या स्टेटसला तेच तुकडे होते. एका पोराच्या स्टेटसला एका बाजूचे, दुसऱ्याच्या दुसऱ्या. अख्खी चर्चा कुणाच्याच नाही.

या विचारात माझ्या पाण्याचा दंड फुटला. चिखलात पळत गेलो तोवर अर्ध्या तासाचं पाणी तात्यांच्या वावरात. दुसऱ्या दिवशी तात्या एवढंच म्हणाले, "दिल्लीकडं ध्यान असल्यावर दंड फुटणारच की."

*

गावाचं काय, तर फाट्यावर पूर्वी एक चहाचं हॉटेल होतं, आता दोन आहेत. आरक्षणाच्या आंदोलनानंतर, आणि २०२४च्या लोकसभेनंतर तर उघडच, मराठा एकीकडं चहा पितात आणि ओबीसी दुसरीकडं. कुणी फतवा काढला नाही. चहा दोन्हीकडं सारखाच गोड, नको तितका. शेजारच्या बीडमध्ये निकाल ६,५५३ मतांनी लागला, तेव्हा आमच्या गावात, म्हणजे दुसऱ्याच मतदारसंघात, कोण कुणाकडं दाढी करतं याचाही हिशेब झाला. माझ्यासारख्या सणावारी येणाऱ्यानं कुठं बसावं हा प्रश्नच असतो. मी दोन्हीकडं बसतो आणि दोन्हीकडं गप्प बसतो. याला धाडस म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

यातही एक आठवण आहे, तिचं काय करावं मला कळत नाही. २०२१चं पावसाळी अधिवेशन पेगॅससवरून, म्हणजे फोनमधल्या हेरगिरीच्या आरोपावरून, बुडालं. लोकसभा ९६ तासांपैकी २१ तास चालली. पण त्याच अधिवेशनात १० ऑगस्टला, मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार परत देणारी घटनादुरुस्ती आली. फलक खाली गेले, सदस्य जागेवर बसले, दिवसभर नीट चर्चा झाली, आणि मतं पडली ३८५ विरुद्ध शून्य. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य. दादा नव्हते, मी एकटाच टीव्हीसमोर बसून बघत होतो. म्हणजे चालवायचं ठरलं तर चालतं! एका दिवसात, कुणाचं मन न बदलता, कुणी कुणाच्या गळ्यात न पडता. मतं जातील या भीतीनं चाललं असेल. असू दे, भीतीनं का होईना. दादा आणि तात्यांचं तरी काय प्रेमानं चाललं होतं? पीक वाळेल ही भीतीच होती.

मग बाकीच्या दिवशी ती भीती कुठं जाते? माझा अंदाज आहे, गावाकडंच शोधावी. आमची ग्रामसभा घ्या. गणपूर्ती लागते, माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळं पहिल्या सभेला न जाणं हीच रीत पडली आहे. दुसऱ्या सभेत पाच-सात जण बसून रजिस्टर पुढं सरकवतात. मीही एकदा सही केली आहे, कशावर ते न वाचता. आम्ही आमचीच पाळी सोडली तर कुणी अडवत नाही, आणि पीकही लगेच वाळत नाही. वाळतं, पण दोन-चार वर्षांनी, आणि तेव्हा ते कुणाच्या पाळीत वाळलं हे झाकणावर कुठं लिहिलेलं नसतं.

*

दादा गेले ते २०१९च्या माघात, रब्बी पाण्यावर असताना. तेराव्यापर्यंत आमच्याकडचं कुणी वावराकडं फिरकलं नाही. चौदाव्या दिवशी मी मोटारीच्या खोलीत गेलो. झाकण उघडलं. खडूची जुनी ओळ तशीच होती, दादांच्या हातची, 'मंगळवारी १ तास घेणे'. तिच्याखाली कोळशानं आमच्या बुडालेल्या पाळीचा एकेक दिवस, तासांसकट मांडलेला. शेवटी बेरीज, आणि पुढं 'देणे'. आमचा हरभरा तोवर वाळला असता, पण वाफ्यात ओल होती. ते पाणी कुणी दिलं याची नोंद झाकणावर नव्हती. मी विचारलं नाही, तात्यांनी सांगितलं नाही. बांधाचा दावा पुढच्या तारखेला दोन्ही बाजू गैरहजर म्हणून निकाली निघाला.

आता ती पेटी नाही. तात्यांच्या नातवानं सिमकार्डवर चालणारा स्टार्टर बसवलाय. घरी बसून फोन लावला की मोटर चालू. पाळीचे तास व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि तिथं नको असलेलं पुसताही येतं. गेल्या उन्हाळ्यात एका पुसलेल्या मेसेजवरून माझ्या भावाचं आणि त्याचं जे वाजलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही. जुनं झाकण गोठ्यात पाण्याच्या टाकीवर घातलेलं असतं.

त्या संध्याकाळी तात्यांनी तेच झाकण सरकवलं, हळदीचे हात धुतले आणि मोबाईलकडं मान वळवून विचारलं, "मिटलं का त्यांचं?"

"संपलं तात्या, अधिवेशन."

"मग आता पुन्हा कधी भरणार?"

"हिवाळ्यात."

"तोवर कापूस निघंल की," तात्या म्हणाले, आणि दुसऱ्या बैलाकडं वळले.